शिष्यवृत्ती मिळाली, उमेदवारी कुठे गेली?

‘सरकारच्या पैशावर शिकतात’ हा टोमणा इंजिनिअरिंगला गेलेल्या आपल्या बहुतेक मुलामुलींनी ऐकलेला असतो. या टोमण्याला रागाने नव्हे, इतिहासाने उत्तर द्यावे लागते.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन दिले. त्यातला शिक्षणाचा भाग आजच्या प्रत्येक सिव्हिलच्या विद्यार्थ्याने वाचायला हवा. बाबासाहेबांचे म्हणणे स्पष्ट होते. केवळ कला आणि कायद्याच्या पदव्यांनी समाजाचे फारसे भले होणार नाही. विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे वरचे शिक्षण हवे. ते महाग आहे, म्हणून सरकारने खर्च उचलावा. अलीगढ आणि बनारसच्या विद्यापीठांना केंद्र सरकार अनुदान देते, मग अस्पृश्यांनाच का नाही? त्यांनी देशातील आणि परदेशातील अशा शिक्षणासाठी मिळून वर्षाला ३ लाख रुपये मागितले. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. म्हणजे ही शिष्यवृत्ती दयेतून नव्हे, दाव्यातून आली.

पण त्याच निवेदनात दुसरी मागणी होती, तिचा आपल्यालाही विसर पडला आहे. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आमच्या मुलांना उमेदवार म्हणून घ्या, असे बाबासाहेबांनी म्हटले होते. उमेदवारी म्हणजे कामाच्या जागी राहून काम शिकणे. फी भरली की वर्गाचे दार उघडते. कामाच्या जागेचे दार ओळखीने उघडते, आणि आपल्या देशात ओळख जातीतूनच जाते. म्हणून त्यांनी दोन्ही गोष्टी एकत्र मागितल्या.

याच काळात त्यांच्या मजूर खात्यात दामोदर आणि महानदीच्या खोऱ्यांच्या योजना आखल्या जात होत्या. आजच्या केंद्रीय जल आयोगाची पूर्वसंस्था १९४५ मध्ये त्याच खात्यातून उभी राहिली. धरणांवर माती वाहणारे हात कोणाचे होते, हे सांगायला नको. माती वाहणाऱ्याच्या घरात धरणाचा नकाशा काढणारा तयार व्हावा, असा या दोन कामांचा एकत्रित अर्थ आम्ही लावतो. त्याच्या कितीतरी आधी जोतीराव फुल्यांनी बांधकामाची कंत्राटे घेतली होती आणि सरकारी बांधकामातली लूट जवळून पाहिली होती. बांधकाम खाते कोणाच्या हातात आहे, हा आपल्या चळवळीचा जुनाच प्रश्न आहे.

आता आजचे पाहू. शिष्यवृत्तीसाठी पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने ६० टक्के वाटा उचलण्याचे ठरवले. महाराष्ट्रात अर्ज महाडीबीटीवर होतो. वसतिगृह न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे, मुलींसाठी एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती आहे. हे सगळे घ्या, एकही अर्ज सोडू नका. हप्ता उशिरा आला तर लेखी तक्रार करा.

पण फी भरली म्हणून इंजिनिअर घडत नाही. सर्व्हे कॅम्पचा खर्च, लॅपटॉप, शहरात राहून महिनाभर इंटर्नशिप करायचे तर खोलीभाडे आणि साइटवर जाण्याचे पैसे, हे कोण देणार? वस्त्यांमध्ये मुलांचे अर्ज भरून देताना आम्ही हेच पाहतो. ज्याचा काका कंत्राटदार, त्याला साइट मिळते. आपला मुलगा कुठून तरी शिक्का मारलेले प्रमाणपत्र आणतो. स्लॅब भरताना त्याने पाहिलेला नसतो, स्लम्प टेस्ट स्वतःच्या हाताने केलेली नसते. मग मुलाखतीत तो अडखळतो आणि लोक म्हणतात, ‘गुणवत्ता नाही.’ गुणवत्ता नाही की साइट नाही?

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. सार्वजनिक बांधकाम विभाग, जलसंपदा, जिल्हा परिषदा आणि महापालिका यांच्या चालू कामांवर पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी मानधनासह इंटर्नशिपच्या जागा ठेवाव्यात आणि त्यांत राखीव वाटा असावा. मानधन निदान राहण्या-जेवणाला पुरावे. कोणाला कुठे पाठवले, याची यादी प्रत्येक कॉलेजने फलकावर लावावी.

आणि एक मागणी आपल्याच माणसांकडे. याच शिष्यवृत्तीवर शिकून आज शाखा अभियंता, उपअभियंता झालेल्या बांधवांनो आणि भगिनींनो, जयंतीला वर्गणी देता, ती द्याच. पण दर उन्हाळ्यात दोन विद्यार्थ्यांना आपल्या साइटवर उभे करा, त्यांच्या हातात लेव्हल द्या, मोजमाप पुस्तिका कशी लिहितात ते दाखवा. १९४२ च्या त्या निवेदनातली अर्धी मागणी सरकारने पुरी केली. उरलेली अर्धी सरकारकडून वसूल करूच; तोवर तुमच्या साइटचे दार तरी उघडे ठेवा.

जय भीम!