काळ्या-पांढऱ्या पडद्यावरचे लाल केस

बफेलोच्या त्या घरात टीव्ही आला १९७० च्या जानेवारीत, आणि तोही जुनाच. आतोबांच्या कंपनीतला एकजण घर बदलत होता, त्याच्याकडून पंधरा डॉलरला घेतलेला, काळा-पांढरा. आत्या तेव्हा तेवीस वर्षांची. साताऱ्याहून येऊन तिला जेमतेम चार महिने झाले होते. बाहेर कमरेएवढा बर्फ, आतोबा सकाळी साडेसातला बाहेर पडायचे ते दिवेलागणीला परत, आणि दिवसभर बोलायला चिटपाखरू नाही. त्यात तिला दिवस गेलेले. दुपारचा भात उतरवून ती टीव्ही लावायची आणि समोर एक मोठ्या डोळ्यांची बाई यायची. कार्यक्रमाचं नाव ‘आय लव्ह लूसी’.

ही हकिगत मी आत्याच्या तोंडून किती वेळा ऐकली याची मोजदाद नाही. दर दोन-तीन वर्षांनी ती साताऱ्याला यायची. दुपारी आई नि ती लसूण सोलायला बसल्या की मी मुद्दाम विषय काढायचे. “आत्या, लूसीचं सांग ना.” आत्या बी.ए. झालेली, शेक्सपिअर शिकलेली, पण बफेलोतल्या दुकानातली बाई काय बोलते ते तिला उमगायचं नाही. “लूसी मात्र कळायची गं,” ती सांगायची. “तिचं निम्मं बोलणं चेहऱ्यावर असायचं. आधी चेहरा कळायचा, मग हळूहळू शब्द कळायला लागले.” माझ्या आत्याचं बोलीतलं इंग्रजी असं लूसीचं काम करणाऱ्या लूसिल बॉलनं घडवलं.

खालच्या मजल्यावर घरमालकीण राहायची, पंचेचाळिशीची. तिचं माहेर जेम्सटाउनकडचं, बफेलोपासून दीड तासावर. लूसिल बॉल त्याच जेम्सटाउनची. त्यामुळे ही बाई लूसीबद्दल बोलायची ती आपल्या गावातल्या एखाद्या घराबद्दल बोलावं तशी. कुणाचं काय झालं, कोण कशानं गेलं, घर कसं गेलं. आत्याला हे सगळं ओळखीचं वाटायचं.

आणि त्या घराचं बरंच काही झालं होतं. लूसीचा जन्म ६ ऑगस्ट १९११ चा. वडील टेलिफोनच्या तारा ओढणारे कामगार. ती साडेतीन वर्षांची असताना ते विषमज्वरानं गेले, आईच्या पोटात तेव्हा दुसरं मूल. पुढं शेजारच्या सेलोरॉन गावात, शटॉकवा तळ्याच्या काठी, आजोळी ती वाढली. १९२७ साली आजोबांच्या परसात पोरं बंदुकीनं नेम धरत होती. शेजारचा मुलगा मध्ये आला, गोळी लागून कायमचा अपंग झाला. खटला उभा राहिला आणि आजोबांचं घर त्यात गेलं. त्याआधीच लूसी न्यूयॉर्कच्या नाट्यशाळेत जाऊन परत आली होती. तिथल्या शिक्षकांनी आईला कळवलं होतं की मुलगी फार बुजरी आहे, पैसे वाया घालवू नका. त्याच शाळेत त्या वेळी पुढं मोठी नटी झालेली बेटी डेव्हिस चमकत होती.

हॉलिवूडमध्ये ती पोचली १९३३ मध्ये, ‘रोमन स्कँडल्स’ चित्रपटातल्या नाचणाऱ्या मुलींच्या घोळक्यात. पुढची सतरा-अठरा वर्षं मी इथं गाळते, कारण आत्याही गाळायची. आरकेओ स्टुडिओतली छोटी कामं, ‘स्टेज डोअर’सारखे एक-दोन बरे चित्रपट आणि दुय्यम चित्रपटांची राणी हा लौकिक. त्या काळातली एकच गोष्ट आत्या रंगवून सांगायची. लूसीचे केस लाल आहेत हे तिला कितीतरी महिने माहीतच नव्हतं! पडद्यावर ते राखाडी दिसायचे. घरमालकिणीनं एकदा मासिकातलं रंगीत चित्र दाखवलं तेव्हा आत्याला धक्काच बसला. मुळात ते केस तपकिरी. एमजीएम स्टुडिओनं ‘डू बॅरी वॉज अ लेडी’च्या वेळी, १९४२-४३ च्या सुमारास ते लाल करून घेतले. आणि तिचं सगळं नाव झालं ते काळ्या-पांढऱ्या पडद्यावर.

ती घराघरात पोचली तेव्हा चाळीस वर्षांची होती. आपण यशाच्या गोष्टी सांगताना हा आकडा विसरतो. मला तो फार महत्त्वाचा वाटतो.

आतोबांना लूसीपेक्षा तिचा नवरा जवळचा. डेसी आर्नाझ हा क्यूबातल्या सांतियागोचा. वडील तिथले महापौर होते, १९३३ च्या क्रांतीत सगळं गेलं आणि कुटुंब मायामीला आलं. लूसीची नि त्याची गाठ १९४० मध्ये ‘टू मेनी गर्ल्स’ चित्रपटाच्या वेळी पडली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात दोघांनी लग्न केलं. सीबीएस या प्रक्षेपण कंपनीवर लूसीची ‘माय फेव्हरिट हजबंड’ ही रेडिओमालिका चांगली चालली होती, ती टीव्हीवर आणायचं ठरलं. लूसीनं अट घातली की नवऱ्याचं काम माझा खरा नवराच करील. कंपनीची कुरकुर सुरू झाली. अमेरिकन बाईचा नवरा असा परक्या उच्चारांचा, लोकांना पटणार कसं? तेव्हा १९५० च्या उन्हाळ्यात ही दोघं स्वतःचा खेळ घेऊन गावोगाव फिरली, थेट लोकांपुढं उभी राहिली. लोकांना पटलं.

पडद्यावर तो रिकी रिकार्डो, क्यूबन वादक. रागावला की इंग्रजी सोडून धडाधड स्पॅनिश बोलायचा. आतोबांना त्या जागी टाळी वाजवावीशी वाटायची, कारण तेही चिडले की मराठीवरच यायचे. त्यांच्या उच्चारांना कंपनीत हसत असत. ते घरी कधी बोलले नाहीत, पण आत्याला कळायचं. मालिकेच्या लेखकांनी एक गोष्ट हेरली होती. रिकीच्या इंग्रजीची नक्कल लूसीनं केली तर प्रेक्षक हसायचे, दुसऱ्या कुठल्या पात्रानं केली तर हसायचे नाहीत. मग तो हक्क एकट्या लूसीकडेच राहिला. आतोबांच्या उच्चारांना आत्या हसायची तेव्हा तेही हसायचे. बाहेरच्यांचं मात्र त्यांना लागायचं.

आता ते, जे आत्याला ठाऊक नव्हतं आणि मला नंतर वाचून समजलं. पहिला भाग दिसला १५ ऑक्टोबर १९५१ ला, सोमवारी. तर १९७० मध्ये आत्याला तो बघायला कसा मिळाला? त्या काळी असे कार्यक्रम बहुतेक न्यूयॉर्कमधून थेट दाखवले जायचे. लांबच्या शहरांसाठी टीव्हीच्या पडद्याचंच चित्रीकरण करून पाठवत, ते अगदी पुसट दिसायचं. प्रायोजक होती फिलिप मॉरिस ही सिगारेट कंपनी. तिला न्यूयॉर्कसारख्या शहरांत पुसट चित्र नको होतं आणि या जोडप्याला कॅलिफोर्निया सोडायचं नव्हतं. डेसीनं तोडगा काढला. सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर, तीन कॅमेरे लावून, समोर खरे प्रेक्षक बसवून चित्रीकरण करायचं. छायाचित्रणाला ‘मेट्रोपोलिस’ चित्रपटाचे छायाचित्रकार कार्ल फ्रॉइंड आले. कॅमेरे नाटकासारखे सलग चालणार, म्हणून सगळ्या मंचावर एकसारखा उजेड पडेल अशी रचना त्यांनी बसवली. खर्च वाढला तेव्हा दोघांनी आठवड्याला हजार डॉलर कमी घेतले आणि त्या बदल्यात फिल्मची मालकी मागितली. ती मिळाली. एकदा दाखवून झालेल्या कार्यक्रमाला पुढं काही किंमत येईल असं तेव्हा फारसं कुणाला वाटत नव्हतं. त्या फिल्म राहिल्या, म्हणून एकोणीस वर्षांनी बर्फात अडकलेल्या एका सातारकर मुलीला लूसी भेटली.

घरमालकीण आत्याला म्हणायची, “सुरुवातीला ते साटिनवरचं हृदय दिसतं ना, ते आमच्या वेळी नव्हतंच. सिगारेटचं पाकीट असायचं.” आत्याला ते खोटं वाटायचं. मी तपासलं. बाई बरोबर होती. हृदय पुनःप्रक्षेपणाच्या वेळी आलं.

दुसऱ्या एका गोष्टीत मात्र तिची चूक होती, आणि तीच गोष्ट या सगळ्याचा गाभा आहे.

१९५२ मध्ये लूसिल बॉलला पुन्हा दिवस गेले. मालिका बंद करायची की तिला सोफ्याआड लपवायची? दोघांनी ठरवलं की पडद्यावरच्या लूसीलाही दिवस जाऊ द्यायचे. सीबीएसनं गरोदर हा शब्द उच्चारायला बंदी केली, त्याऐवजी सौम्य शब्द योजले. एक कॅथलिक पाद्री, एक प्रोटेस्टंट धर्मोपदेशक आणि एक ज्यू रब्बाय संहिता वाचून संमती देत. हे ऐकून आत्या म्हणाली होती, “आपल्याकडे तरी काय? दिवस गेलेत, एवढंच म्हणायचं. जणू दिवसच गेले, बाई तिथं नाहीच.”

घरमालकीण त्या वेळी शाळेत शिकवायची आणि तीही पोटुशी होती. पोट दिसायला लागलं तशी शाळेनं तिला घरी बसवलं. तेव्हा तिथं अनेक शाळांचा तसाच नियम होता. तो घटनेत बसत नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं दिला १९७४ मध्ये. “मुलांनी मला तसं बघू नये म्हणून मला काढलं,” ती आत्याला सांगायची, “आणि दर सोमवारी रात्री तीच मुलं आईबापांसोबत बसून लूसीचं पोट बघत होती.”

१९ जानेवारी १९५३ च्या रात्री पडद्यावरची लूसी इस्पितळात गेली. सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी तो भाग पाहिला. दुसऱ्या दिवशी आयझेनहॉवर यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली, त्या सोहळ्यापेक्षा हे प्रेक्षक जास्त. घरमालकीण छातीठोकपणे सांगायची की तो भाग थेट होता, बाळ जन्मत होतं तेव्हाच दिसत होता. तसं नव्हतं. चित्रीकरण कित्येक आठवडे आधी झालं होतं. पण लूसिल बॉलचं सिझेरियन त्याच सोमवारी सकाळी झालं आणि खराच मुलगा झाला, गोष्टीत ठरवला होता तसा. रात्र नि सकाळ तिच्या आठवणीत एक झाली, एवढंच. मी तिला खोटं ठरवणार नाही. त्या रात्री तिला काय वाटलं, ते कुठल्याही नोंदीत सापडायचं नाही.

आत्याचा आवडता भाग चॉकलेटच्या कारखान्यातला, सप्टेंबर १९५२ मधला. लूसी आणि शेजारीण एथेल, म्हणजे व्हिव्हियन व्हान्स, पट्ट्याशी बसलेल्या. मुकादमीण बजावते, एकही चॉकलेट कागदाशिवाय पुढं गेलं तर कामावरून काढीन. पट्टा हळू सुरू होतो, जमतं. मग वेग वाढतो. लूसी एक चॉकलेट तोंडात टाकते, दोन टोपीत, चार झग्याच्या गळ्यात. मुकादमीण येते, सगळं नीट पाहते आणि ओरडते, पट्टा आणखी जोरात सोडा! त्या क्षणी लूसीच्या फुगलेल्या गालांवरचे डोळे बघावेत. त्याच भागात तिच्या शेजारी चॉकलेट बुडवणारी बाई खऱ्या मिठाईच्या कारखान्यातली कामगार होती. तालमीत तिचा लूसीला मारायला हात उठेना, चित्रीकरणात मात्र तिनं सणसणीत लगावली.

हे सगळं तिला जागच्या जागी सुचत असेल असं मला लहानपणी वाटायचं. तसं काही नव्हतं. वस्तू हातात घेऊन ती पुन्हापुन्हा सराव करायची, हाताला वळण पडेपर्यंत. मी विनोदी नाही, मी धीट आहे, असं ती स्वतःबद्दल सांगायची. मॅडलिन प्यू, बॉब कॅरल आणि जेस ओपनहायमर यांनी लिहून द्यावं आणि तिनं त्यात उडी घ्यावी. त्या बुजऱ्या मुलीनं धीटपणा कमावला होता, मला वाटतं, तालीम करून करूनच.

पुढचं थोडक्यात. अर्ध्या तासाचे १८० भाग झाले आणि १९५७ च्या मे महिन्यात मालिका थांबली. त्याच वर्षअखेरीस या दोघांच्या डेसिलू कंपनीनं आरकेओचे स्टुडिओ विकत घेतले, जिथं ती कधीकाळी पगारी नटी होती. १९६० मध्ये घटस्फोट झाला. १९६२ मध्ये डेसीचा वाटा घेऊन ती एकटी मालकीण झाली. ‘स्टार ट्रेक’ आणि ‘मिशन इम्पॉसिबल’ तिच्या स्टुडिओत सुरू झाल्या. १९६७ मध्ये तिनं तो विकला. १९८६ मधली ‘लाइफ विथ लूसी’ आठ भागांतच बंद पडली. ती मी पाहिली नाही, पाहायचीही नाही. त्याच वर्षी डिसेंबरात डेसी गेला. ती गेली २६ एप्रिल १९८९ ला. आत्याचं त्या दिवसाचं आंतरदेशीयपेक्षाही छोटं पत्र आईकडे होतं. लूसी गेली, आज जेवण केलं नाही, एवढ्या दोनच ओळी.

तिच्या अस्थी आधी लॉस एंजेलिसमध्ये होत्या. २००२ मध्ये मुलांनी त्या जेम्सटाउनच्या लेक व्ह्यू दफनभूमीत आणल्या, आईवडिलांपाशी. २००४ च्या उन्हाळ्यात आत्या आणि आतोबा गाडीनं तिथं गेले. त्या वेळचा फोटो माझ्याकडे आहे. आत्या नऊवारीत उभी आहे, हातात अंगणातली फुलं. मागच्या बाजूला आतोबांनी शाईच्या पेनानं तारीख घातली आहे आणि खाली मराठीत लिहिलं आहे, “लूसीच्या घरी.”