प्रत्यंचा सोडावी कशी? अंगठा, बोटे आणि चाप

लॉस एंजेलिस येथे २०२८ साली होणाऱ्या ऑलिम्पिकमध्ये कंपाउंड धनुष्याची मिश्र सांघिक स्पर्धा प्रथमच खेळवली जाणार आहे. पदकाच्या आशेने आपल्याकडे या बातमीचे स्वागत झाले. मात्र या धनुष्याबरोबर आणखी एक वस्तू प्रथमच ऑलिम्पिकच्या मैदानात उतरणार आहे, आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलले नाही. प्रत्यंचा बोटांनी न धरता धातूच्या आकड्यात अडकवायची आणि चाप दाबून सोडायची, असे ते उपकरण. धनुर्धर त्याला ‘रिलीज’ म्हणतात. (मराठीत बंदुकीच्या कळीला आपण चाप म्हणतो आणि संस्कृतात चाप म्हणजे धनुष्य, हा योगायोग मला फार आवडतो.) बाण यंत्रानेच सोडायचा तर धनुर्धराचे कौशल्य उरले कुठे, असा आक्षेप यावर नेहमी घेतला जातो. तो घेण्यापूर्वी प्रत्यंचा सोडण्याचा इतिहास पाहिला पाहिजे.

आपल्याला सर्वांत परिचित असलेला पुरावा एकलव्याच्या कथेत आहे. उजवा अंगठा दिल्यानंतर तो उरलेल्या बोटांनी बाण सोडू लागला, पण पूर्वीची शीघ्रता राहिली नाही, असे आदिपर्व सांगते. तर्जनी, मध्यमा आणि अनामिका या तीन बोटांनी प्रत्यंचा ओढणाऱ्याचे अंगठ्यावाचून फारसे अडत नाही. तेव्हा कथा रचणाऱ्यासमोर जो धनुर्धर होता, त्याच्या ओढण्यात अंगठ्याचे काम मोठे असले पाहिजे. हा माझा तर्क आहे, पण कथेतील क्रौर्य त्याशिवाय नीट कळत नाही.

अंगठ्याने ओढायचे तर प्रत्यंचा मांसात रुतते. म्हणून मध्य आशियापासून मोगल दरबारापर्यंत जेड, हाड किंवा शिंगाची अंगठी वापरली जाई. शाहजहानचे बिरुद कोरलेली, रत्नजडित अशी एक अंगठी रशियातील हर्मिटाज संग्रहालयात आहे. नादिरशहाने दिल्लीहून नेलेल्या लुटीतली ती वस्तू १७४१ साली त्याच्या वकिलातीबरोबर रशियाला पोहोचली. तिला आपण दागिना समजतो, पण ते बोट आणि प्रत्यंचा यांच्यामधले एक उपकरणच होते. चिनी आडव्या धनुष्याचा कांस्य चाप तर त्याहूनही जुना. सम्राट छिन शी ह्वांगच्या मृत्तिका-सैन्यासोबत असे चाप सापडले आहेत, म्हणजे यांत्रिक सुटकेचे वय बावीसशे वर्षांहून अधिक आहे.

या विषयाकडे शास्त्रीय नजरेने पाहणारा पहिला महत्त्वाचा माणूस प्राणिशास्त्रज्ञ होता. एडवर्ड मोर्स हे अमेरिकी संशोधक जपानमध्ये शिकवीत होते. जपानी धनुर्धराची पकड आपल्यापेक्षा अगदी वेगळी आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. १८८५ साली त्यांनी जगभरच्या पद्धतींचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. चिमटीच्या पकडीचे तीन प्रकार, तीन बोटांची भूमध्यसागरी पकड आणि अंगठ्याची मंगोल पकड ही नावे आजही रूढ आहेत.

बोटांनी सोडण्यात नेमके काय बिघडते, हे मात्र भौतिकशास्त्रज्ञांनी उलगडले. प्रत्यंचा बोटांच्या टोकांवरून घरंगळते, तेव्हा ती सरळ पुढे न जाता किंचित बाजूला ढकलली जाते. पाठीमागून रेटा आणि बाजूने धक्का, यामुळे बाण वाकतो आणि सापासारखा वळवळत धनुष्याला वळसा घालून निघतो. बेल प्रयोगशाळेतील क्लॅरेन्स हिकमन यांनी अतिवेगवान छायाचित्रणाने हे वळवळणे डोळ्यांना दाखवून दिले. बाणाच्या लवचीकतेचा त्या धनुष्याशी मेळ बसला तर तो सरळ जातो, नाहीतर भरकटतो. उजव्या हाताने अंगठ्याने ओढणाऱ्यास धक्का उलट दिशेने बसतो. म्हणून तो बाण धनुष्याच्या उजव्या बाजूस ठेवतो आणि बोटांनी ओढणारा डाव्या.

मिसुरी राज्यातील हॉलेस विल्बर ॲलन यांनी १९६६ साली कप्प्यांच्या धनुष्यासाठी पेटंटचा अर्ज केला आणि १९६९ साली त्यांना ते मिळाले. कंपाउंड धनुष्यात पूर्ण ओढ झाल्यावर हातावरचा भार एकदम उतरतो. २७ किलो ओढीच्या धनुष्यात ८० टक्के सूट असेल, तर धरून ठेवायला साडेपाच किलोच लागतात. पण हे धनुष्य आखूड असते. ओढल्यावर प्रत्यंचेचा कोन इतका तीव्र होतो की त्यात बोटे चिमटतात, आणि भार कमी असल्यामुळे बोटांची जराशी चूकही बाणाला जाणवते. एकाच बिंदूवर पकडणारा आकडा येथे सोय राहत नाही, जवळजवळ गरज ठरतो.

पण कोणता आकडा? अमेरिकेत धनुष्याने शिकार कायदेशीर आहे आणि तेथे हा वाद अजून रंगतो. लक्ष्यभेद करणारे अनेकजण बिजागरीचा रिलीज पसंत करतात. त्याला चाप नसतो. पाठीचे स्नायू आवळत गेले की तो हळूहळू फिरतो आणि धनुर्धराला नकळत सुटतो. क्षण आधी ठाऊक असला की शरीर त्या क्षणापूर्वीच दचकते. म्हणून क्षण ठरवण्याचा अधिकारच काढून घ्यायचा, ही त्यामागची युक्ती. शिकाऱ्याला ती परवडत नाही. हरीण पाऊल उचलते, फांदीआड जाते, म्हणून बाण कधी सोडायचा हे त्यालाच ठरवावे लागते. त्यामुळे बहुतेक शिकारी मनगटाला पट्ट्याने बांधलेला, तर्जनीने दाबायचा चाप घेतात. मचाणावरून तो खाली पडत नाही आणि हातमोज्यातही सापडतो.

प्रश्न केवळ सोयीचा नाही. सेकंदाला ९० मीटर वेगाचा बाण ३० मीटरवर पोहोचायला सेकंदाचा तिसरा हिस्सा घेतो. धनुष्याचा आवाज त्याच्या पाव सेकंद आधी पोहोचतो. हरणाचा निम्मा वेळ दचकण्यात गेला असे धरले, तरी उरलेल्या वेळात ते पाय सैल सोडून सात-आठ सेंटीमीटर खाली जाऊ शकते. त्यात चाप झटक्याने ओढल्याची चूक मिळाली, तर मृत्यूऐवजी जखम होते आणि जखमी प्राणी दिवसभर रानात भटकतो. म्हणून चाप इतका हलका नको की बोट टेकताच सुटावा, आणि इतका जडही नको की ओढावा लागावा. माझ्या मते शिकाऱ्याने किमतीपेक्षा हेच आधी तपासावे.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा प्रश्न मिटवला, आणि येथे रिलीज आला तो खेळापुरता. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड प्रकारात वैयक्तिक विजेते झाले. ओजसने अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण मिळवले. सर्वच जण चापाने सोडत होते, पण पैकीच्या पैकी गुण एकालाच मिळाले.

जम्मूच्या किश्तवाड जिल्ह्यातील शीतल देवीला जन्मतः हात नाहीत. ती पायाने धनुष्य धरते, खांद्यावर बांधलेल्या रिलीजने प्रत्यंचा ओढते आणि जबड्याने चाप सोडते. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये राकेश कुमार यांच्यासह तिने मिश्र सांघिक कांस्यपदक जिंकले. मोर्स यांच्या पाच प्रकारांपैकी एकातही ही पकड बसत नाही.