शब्दवेध : गॅन्डाल्फ

टॉल्किनच्या करड्या झग्यातल्या जादूगाराचं नाव टॉल्किनच्या पदरचं नाही. ‘व्होलुस्पा’ या जुन्या नॉर्स काव्यात खुज्यांची लांबलचक नामावळी येते, त्यात ‘गन्दाल्फर’ आहे. ‘गन्द्र’ म्हणजे जादू किंवा जादूची काठी. ‘आल्फर’ म्हणजे एल्फ. खुज्यांच्या यादीत हा एल्फ घुसला कसा? ऑक्सफर्डचा भाषापंडित असलेल्या टॉल्किनला ही विसंगती खटकली असणारच. किंबहुना त्यातूनच हे नाव काठीवाल्या म्हाताऱ्याला द्यायचं सुचलं असावं, असं मला वाटतं. कारण ‘द हॉबिट’च्या (१९३७) सुरुवातीच्या खर्ड्यात गॅन्डाल्फ होता खुज्यांचा म्होरक्या, आणि जादूगार होता ब्लाडॉर्थिन! बरं झालं, बदललं. म्होरक्याला पुढे ‘थोरिन’ हे नाव मिळालं, तेही त्याच नामावळीतलं.