व्यसनमुक्तीच्या उपचारात साधा एसएमएस काय कामाचा?

‘उद्या सकाळी १० वाजता तुमची अपॉइंटमेंट आहे. येणार असाल तर १ पाठवा.’

मेसेज एवढाच. त्यात ना औषधाचं नाव, ना आजाराचं. हे मुद्दाम केलेलं असतं. फोन वाजला तेव्हा स्क्रीन कोणाच्या नजरेला पडेल, हे क्लिनिकला माहीत नसतं.

अमेरिकेत ओपिऑइडच्या व्यसनावर उपचार घेणाऱ्यांना असे मेसेज पाठवण्याचे प्रयोग दहाएक वर्षांहून जास्त काळ सुरू आहेत. ओपिऑइड म्हणजे अफूपासून बनलेले किंवा अफूसारखा परिणाम करणारे पदार्थ. हेरॉइन, फेंटानिल, काही वेदनाशामक गोळ्या त्यात येतात. आपल्याकडची ब्राउन शुगरही याच कुळातली. पुण्याचं मुक्तांगण १९८६ मध्ये सुरू झालं, ते तिच्याच विळख्यामुळे. अमेरिकेत २०२२ या एका वर्षात ड्रग्जच्या ओव्हरडोसने १ लाखाहून अधिक माणसं गेली. त्यातले बहुतेक मृत्यू ओपिऑइडमुळे झाले.

औषध आहे, मग अडतं कुठे?

ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही औषधं तलफ कमी करतात, जीव वाचवतात. पण अनेक रुग्ण पहिल्या काही महिन्यांतच उपचार सोडतात. धोका इथेच आहे. मधल्या काळात शरीराची सवय मोडलेली असते, त्यामुळे पूर्वी पचणारा डोस आता जीव घेऊ शकतो. म्हणून चुकलेली एक अपॉइंटमेंटही इथे किरकोळ नसते.

पहिला दिवस तर फारच नाजूक. ब्युप्रेनॉर्फिन घाईने घेतलं, म्हणजे अंगात आधीचं ओपिऑइड असतानाच घेतलं, तर उलट्या, घाम, अंगदुखी असा त्रास एकदम उसळतो. त्यामुळे आधी काही तास थांबावं लागतं. गोळी गिळायची नाही, जिभेखाली विरघळू द्यायची. अनेक रुग्ण हा पहिला डोस घरीच घेतात. अशा वेळी ‘आता किती त्रास होतोय?’ एवढं विचारणारा मेसेज आला, तर घाबरून औषध सोडून देण्याची वेळ टळू शकते.

न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू या सार्वजनिक रुग्णालयातल्या संशोधकांनी ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्या गरीब रुग्णांच्या फोनवापराचा अभ्यास केला. मोबाइल बहुतेकांकडे होते, पण नंबर वारंवार बदलत होते. बिल थकलं, फोन हरवला, नवं सिम घेतलं. मेसेज जातो, पण भलत्याच माणसाला! म्हणून दर भेटीत नंबर पुन्हा विचारणं हे कंटाळवाणं कामही उपचाराचाच भाग ठरतं.

मग ॲप का नाही? तेही झालं. रीसेट-ओ या ॲपला अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये मान्यता दिली. ते बनवणारी पेअर थेराप्युटिक्स २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. एसएमएसला स्मार्टफोन लागत नाही, डेटा पॅक लागत नाही, डाउनलोडही नाही.

अर्थात मेसेज म्हणजे औषध नव्हे. आठवण करून दिल्याने अपॉइंटमेंट चुकण्याचं प्रमाण घटतं, हे वैद्यकीय सेवेत इतरत्र दिसलं आहे. पण व्यसनाच्या उपचारात माणूस टिकतो का, याबाबतचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. रात्री दोन वाजता ‘सहन होत नाही’ असं उत्तर आलं आणि ते वाचायला पलीकडे कोणी नसेल, तर ती सेवा अर्धवटच. त्यामुळे उत्तरं कधी वाचली जातात आणि तातडीच्या वेळी कुठे फोन करायचा, हे रुग्णाला पहिल्याच मेसेजमध्ये सांगावं लागतं.

भारतात व्यसनमुक्तीच्या मदतीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय टोल-फ्री हेल्पलाइन आहे.