गावशाळेचे धनी : यवतमाळ जिल्ह्यातील शिक्षणाच्या कायद्यांची कहाणी

कायदा हा शब्द उच्चारला म्हणजे सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे कचेरी, वकील आणि फौजदार उभे राहतात. गावची शाळा उभी राहत नाही. वास्तविक सरकारी वा बोर्डाची शाळा हे कायद्याचेच अपत्य होय. मास्तर कोणी नेमावा, त्याचा पगार कोणत्या तिजोरीतून निघावा, छप्पर गळू लागले तर अर्ज कोणाकडे करावा आणि मूल शाळेत आले नाही तर त्याच्या बापाला कोणी विचारावे, या चार प्रश्नांची उत्तरे गावात ठरत नाहीत. ती दूरच्या राजधानीत, कायद्याच्या कलमांत ठरतात. यवतमाळ जिल्हा जागचा हलला नाही, परंतु त्याची राजधानी मात्र हैदराबादहून नागपुरास आणि नागपुराहून मुंबईस गेली. त्यामुळे या एका जिल्ह्याच्या शाळांचा इतिहास पाहिला तरी लोकशिक्षणाच्या कायद्याचे बहुतेक सारे प्रयोग दृष्टीखालून जातात.

१८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. मालकी निजामाची आणि कारभार इंग्रजांचा, अशी ही दुहेरी व्यवस्था होती. १८६४ साली या प्रांताच्या आग्नेय कोपऱ्याचा एक स्वतंत्र जिल्हा बनला. तो पुढे वणी जिल्हा म्हणून ओळखला गेला, आणि १९०५ साली वाशीम जिल्हा मोडून पुसद तालुका त्याला जोडण्यात आला तेव्हा त्याचे नाव यवतमाळ पडले. दरम्यान १९०२ साली सालीना २५ लक्ष रुपये खंडाने वऱ्हाड कायमचे इंग्रजांकडे राहिले व पुढच्याच वर्षी ते मध्यप्रांताच्या कारभाराला जोडले गेले. मात्र कायद्याच्या भाषेत वऱ्हाड हा ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हता. इतरत्र झालेला कायदा येथे आपोआप चालत नसे. तो गव्हर्नर जनरलच्या हुकमाने निराळा लागू करावा लागे. शाळेच्या कायद्यालाही हा वळसा चुकला नाही.

१८८२ हे साल या विषयात महत्त्वाचे आहे. त्या वर्षी लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा आपला प्रसिद्ध ठराव काढला, आणि त्याच वर्षी नेमलेल्या हंटर कमिशनने प्राथमिक शाळा स्थानिक बोर्डांच्या हाती द्याव्यात अशी शिफारस केली. याच कमिशनपुढे महात्मा जोतीराव फुले यांनी आपले निवेदन सादर केले. निदान बाराव्या वर्षापर्यंतचे शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी होती. आणि शेतकऱ्याकडून शिक्षणाच्या नावाने जी पट्टी घेतली जाते तिच्या मानाने त्याच्या मुलांवर खर्च होत नाही, ही त्यांची तक्रार होती. पैसा कोणाचा आणि तो खर्च होतो कोणावर, हा प्रश्न त्यांनी इतक्या आरंभीच विचारून ठेवला होता. पुढील प्रत्येक कायद्याला त्याचे उत्तर द्यावे लागले.

वऱ्हाडात रूरल बोर्डांचा कायदा १८८५ साली आणि म्युनिसिपालिट्यांचा १८८६ साली झाला. जिल्ह्याचे बोर्ड आणि त्याखाली तालुक्याची बोर्डे, अशी रचना उभी राहिली. जमीनमहसुलावरील पट्टी, गुरांच्या कोंडवाड्यांचे उत्पन्न आणि सरकारी अनुदान एवढ्यावर रस्ते, दवाखाने आणि शाळा सांभाळावयाच्या होत्या. बोर्डांत बिनसरकारी सभासद बसू लागले खरे. परंतु वजन सरकारी अधिकाऱ्यांचेच राहिले. तपासणी सरकारी खात्याने करावी व खर्चाची चिंता बोर्डाने वाहावी, अशी ही वाटणी होती. शाळेचे धनी दोन झाले, आणि दोन धन्यांच्या घरी चाकराची जी अवस्था होते ती मास्तरांची झाली.

शिक्षण सक्तीचे करण्याचा विचार मराठी मुलखाला नवीन नव्हता. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ पासून सर्व राज्यात तो अमलात आणला होता. त्या उदाहरणावर दृष्टी ठेवून गोपाळ कृष्ण गोखले यांनी १६ मार्च १९११ रोजी वरिष्ठ कायदेमंडळात आपले बिल मांडले. बिल अगदी सौम्य होते. जेथे मुलांची ठराविक संख्या आधीच शाळेत जात असेल तेथेच, तेथील स्थानिक संस्थेची इच्छा असेल तरच आणि सरकारची मंजुरी मिळेल तेव्हाच सक्ती व्हावयाची होती. तरीही १९ मार्च १९१२ रोजी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचे शिक्षण सुरू केले; ब्रिटिश अमलातील प्रांतांना मात्र १९१८ ते १९२० पर्यंत थांबावे लागले. त्या अवधीत प्रांतोप्रांती जे प्राथमिक शिक्षणाचे कायदे झाले, त्यांत मध्यप्रांताचा कायदा १९२० चा होय. त्याच वर्षी त्या प्रांताचा स्थानिक स्वराज्याचा नवा कायदाही झाला व पुढे तो वऱ्हाडास लागू करण्यात आला. रूरल बोर्ड जाऊन डिस्ट्रिक्ट कौन्सिल आले. लोकांनी निवडलेल्या सभासदांच्या हाती जिल्ह्याच्या शाळा आल्या, आणि सक्ती करावयाची की नाही हे ठरविण्याचा अधिकारही स्थानिक संस्थांकडे आला.

येथे एक मर्माची गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या कायद्यांनी सक्ती केली नाही. सक्ती करण्याची मोकळीक दिली. ठराव स्थानिक संस्थेने करावा, मंजुरी सरकारने द्यावी आणि खर्चाचा वाटा संस्थेने उचलावा, असा सर्वसाधारण साचा होता. कर वाढविल्याशिवाय शाळा वाढत नाहीत, आणि कर वाढवून पुन्हा निवडून येणे कठीण असते. शिवाय यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू झाली की घरातील लहानथोर सारे हात शेतात लागतात. ज्या बापाचे वर्षाचे पोट त्या वेचणीवर भरते, त्याला दंडाची नोटीस बजावून मूल शाळेत कितपत येणार? पैनगंगेच्या खोऱ्यातील व केळापूर-वणीकडील जंगलपट्टीतील कोलाम व गोंड वस्त्यांचा प्रश्न तर याहून अवघड होता. तेथे शाळा दूर आणि शाळेची भाषा परकी. मुलींचे शिक्षण हे ओझे आहे असे मानणारी घरे गावात होती तशी शहरातही होती. कायद्याच्या पुस्तकात या अडचणींना कलम नव्हते.

१९२१ च्या सुधारणांनंतर शिक्षण हे लोकनियुक्त मंत्र्यांच्या हाती आले; पण तिजोरी मात्र राखीव खात्यात राहिली. १९२९ साली हार्टोग समितीने देशभरच्या प्राथमिक शिक्षणाचा हिशेब मांडला. पहिल्या इयत्तेत बसलेल्या पाच मुलांपैकी चौथीपर्यंत एकसुद्धा धड पोहोचत नाही, असे त्या हिशेबावरून दिसून आले. समितीने स्थानिक संस्थांना फार अधिकार दिल्याबद्दल नापसंती दर्शविली. शेजारच्या मुंबई इलाख्यात त्याचा परिणाम स्पष्ट दिसला. तेथे १९२३ च्या कायद्याने स्कूल बोर्डांना मोकळीक दिली होती. १९३८ च्या दुरुस्तीने ती आवळली, आणि १९४७ च्या कायद्याने स्कूल बोर्ड कायम ठेवूनही कारभाराची सूत्रे बव्हंशी सरकारी अधिकाऱ्याकडे दिली. मास्तरांच्या नेमणुका आणि बदल्या हे निवडणुकीच्या राजकारणाचे हत्यार होते, हा आक्षेप खोटा नव्हता. परंतु औषध म्हणून लोकांचा हातच काढून घ्यावा काय, हा प्रश्न उरलाच.

मध्यप्रांत-वऱ्हाडात निराळा मार्ग शोधण्याचा यत्न झाला. १९३७ साली काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. त्याचे शिक्षणमंत्री पंडित रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना पुढे आणली. गावातील उदार मंडळींनी जमीन दान द्यावी व तिच्या उत्पन्नावर शाळा चालावी, ही तिची मूळ कल्पना होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात यवतमाळच्या शेजारी वर्ध्यास महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली व हस्तव्यवसायातून शिक्षण हा विचार देशापुढे आला. विद्यामंदिरांचा कायदा १९३९ साली झाला. परंतु त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. योजनेच्या नावावरूनही मुस्लिम लीगने मोठे वादळ उठविले होते. प्रयोग रुजण्यापूर्वीच पाणी तुटले. तरीही या योजनेने एक खरी गोष्ट बोलून दाखविली होती, ती ही की, शाळेला स्वतःचे उत्पन्न असल्यावाचून तिला स्वतःचे जीवन नसते.

स्वातंत्र्यानंतर पंडित द्वारकाप्रसाद मिश्र यांनी जनपद योजना आणली. १९४८ च्या कायद्याने डिस्ट्रिक्ट कौन्सिले रद्द झाली व १ जुलै १९४८ पासून तहसिलीगणिक जनपद सभा सुरू झाल्या. यवतमाळ, दारव्हा, पुसद, केळापूर व वणी अशा पाच तालुक्यांच्या या जिल्ह्यात शाळांचा धनी जिल्ह्याच्या ठिकाणाहून तालुक्याच्या ठिकाणी आला. सत्ता लोकांच्या जवळ आणावी हा हेतू स्तुत्य होता. परंतु सभेचा मुख्य कार्यकारी अधिकारी सरकारी असे आणि उत्पन्नाच्या बाबी जुन्याच राहिल्या. जवळचा धनी गरीब असला तर दूरच्या धन्याकडे हात पसरावा लागतोच.

१९५० च्या राज्यघटनेने पंचेचाळीसाव्या कलमात, दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा यत्न करावा, असे राज्यांना सांगितले. १९५६ साली नागपूरच्या विधानसभेने प्राथमिक शिक्षणाचा नवा कायदा केला, आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला विदर्भ मुंबई राज्यात गेला. कायदा करणारे राज्य मागे राहिले. कायदा मात्र जिल्ह्याबरोबर आला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा एकाच राज्यात तीन कायदे नांदत होते. पश्चिमेकडे मुंबईचा १९४७ चा, मराठवाड्यात हैदराबादचा १९५२ चा आणि विदर्भात मध्यप्रदेशचा १९५६ चा.

हा गुंता सोडविण्याच्या कामात यवतमाळ जिल्ह्याच्याच एका सुपुत्राचा मोठा वाटा आहे. पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक हे पुसदच्या नगरपालिकेचे अध्यक्ष राहिलेले, म्हणजे स्थानिक कारभाराचे चटके सोसलेले गृहस्थ. महसूलमंत्री असताना १९६० साली त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली व मार्च १९६१ मध्ये तिने अहवाल दिला. जिल्हा हाच मुख्य घटक मानावा व कलेक्टरला जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवावे, हे तिचे धाडसी मत होते. तदनुसार १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. जनपद सभा गेल्या. लोकनियुक्त शिक्षण समिती, तिच्या जोडीला शिक्षणाधिकारी आणि पगारासाठी राज्याचे अनुदान, अशी नवी घडी बसली. मास्तरचा पगार कोंडवाड्याच्या उत्पन्नावर लोंबकळत राहण्याचे दिवस संपले, ही काही लहान गोष्ट नव्हे. मात्र पैसा मुंबईहून येऊ लागला तसे हुकूमही मुंबईहून येऊ लागले.

घटनेने घातलेली दहा वर्षांची मुदत मागे पडली. २००२ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला. त्यासाठी २००९ साली झालेला कायदा १ एप्रिल २०१० पासून सुरू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा हक्क त्याने मान्य केला. सरकारी व स्थानिक संस्थांच्या शाळांसाठी शाळा व्यवस्थापन समिती नेमण्याचे बंधन घालून तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरविले. १९२० च्या कायद्यात सक्ती बापावर होती. २००९ च्या कायद्यात ती प्रथम राज्यावर आली. नव्वद वर्षांत कायद्याने घेतलेले हे वळण फार मोठे आहे.

परंतु हाती आलेले जपावे लागते. २०१७ साली निवडलेल्या यवतमाळ जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. राज्यातील इतर अनेक जिल्ह्यांप्रमाणे येथेही निवडणूक वेळेवर झाली नाही व कारभार प्रशासकाच्या हाती गेला. नाईक समितीने ज्या शिक्षण समितीसाठी एवढा खटाटोप केला, तिच्या खुर्च्या रिकाम्या पडल्या. आणि याच काळात, २०२३ साली, वीसांहून कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार राज्याच्या शिक्षणखात्यात पुढे आला. लहान शाळेतील मुलांना अधिक शिक्षक, सोबती आणि सोयी मिळाव्यात, या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परंतु पोडावरच्या सात वर्षांच्या कोलाम मुलीला ओढा ओलांडून पाच कोस जावे लागले, तर तिची शाळा मोठी झाली असे म्हणावयाचे की बंद झाली असे म्हणावयाचे? हा प्रश्न विचारण्याचा पहिला अधिकार तिच्या गावाचा आहे, आणि तो विचारण्यासाठी निवडलेला माणूसच जागेवर नसेल तर तो विचारणार कोण?

एवढ्या कायद्यांतून एक निष्कर्ष स्पष्ट निघतो. रूरल बोर्डाला अधिकार अपुरा होता, डिस्ट्रिक्ट कौन्सिलाला पैसा अपुरा होता, जनपद सभेला दोन्ही अपुरे होते आणि जिल्हा परिषदेला पैसा मिळाला तेव्हा स्वातंत्र्य थोडे कमी पडले. जबाबदारी, पैसा आणि अधिकार ही तीन माणसे एका बैलगाडीत बसली म्हणजेच शाळा चालते. एक जरी मागे राहिले तरी गाडी ओढ्यात रुतते. २००९ च्या कायद्याने गाडीची चौथी जागा पालकांना दिली आहे. ती समिती कागदावर सह्या करण्यापुरती राहू द्यावयाची, की महिन्याच्या बैठकीत हजेरीपट, पोषण आहार आणि रिकामी शिक्षकपदे यांचा जाब विचारणारी करावयाची, हे ठरविण्यास कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. शहरात राहणाऱ्या सुशिक्षित घरांनाही आपापले मूळ गाव असते. त्या गावच्या शाळेच्या समितीत कोण आहे आणि ती शेवटची कधी बसली, एवढी चौकशी प्रत्येकाने केली, तरी सव्वाशे वर्षांच्या या खटाटोपाचे थोडे ऋण फिटेल.