जुन्या मोटारगाड्यांचे डिस्क ब्रेक : इतिहास व पुनर्बांधणी

चाकाबरोबर फिरणाऱ्या धातूच्या चकतीवर दोन्ही बाजूंनी घर्षणकारी पॅड दाबून वाहनाचा वेग कमी करणाऱ्या किंवा ते थांबविणाऱ्या योजनेस डिस्क ब्रेक अथवा चकती गतिरोधक म्हणतात. चकती बहुधा बिडाची असते. तिच्या कडेवर चिमट्याप्रमाणे बसविलेल्या ओतीव भागास कॅलिपर म्हणतात. कॅलिपरमध्ये एक किंवा अधिक सिलिंडर व त्यांत सरकणारे दट्टे असतात. चालकाने पायटा दाबला म्हणजे ब्रेकच्या तेलातील दाब दट्ट्यांपर्यंत पोहोचतो व दट्टे पॅडना चकतीवर दाबतात. १९५० ते १९८० या काळातील मोटारगाड्या आता संग्राह्य ठरल्या असून त्यांचे कॅलिपर दुरुस्त करणे, नव्याने बांधणे व विकणे हा यूरोप व अमेरिकेत एक स्वतंत्र व्यवसाय बनला आहे. हा ब्रेक उष्णतेवर मात करण्यासाठी निर्माण झाला. जुन्या गाड्यांत मात्र त्याचा नाश मुख्यतः पाण्यामुळे व गाडी दीर्घकाळ उभी राहिल्यामुळे होतो. पुनर्बांधणीचे बहुतेक तंत्र या एका वस्तुस्थितीतून उद्भवले आहे.

ड्रम ब्रेकच्या मर्यादा : ब्रेक लावणे म्हणजे गाडीच्या गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करणे होय. ताशी १०० किमी. वेगाने जाणारी १,००० किग्रॅ. वजनाची गाडी थांबविताना सु. ३.८६ लाख जूल ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकावी लागते. वेग दुप्पट झाल्यास ही ऊर्जा चौपट होते. ड्रम ब्रेकमध्ये अस्तर लावलेले दोन अर्धवर्तुळाकार बूट फिरत्या ड्रमच्या आतील पृष्ठावर दाबले जातात. तापलेला ड्रम प्रसरण पावून बुटांपासून दूर जातो, उष्णता आतच कोंडली जाते व अस्तराचे घर्षण घटते. परिणामी लागोपाठ ब्रेक लावल्यास त्यांचा जोर क्षीण होतो. डिस्क ब्रेकमधील चकती उघड्या हवेत फिरत असल्याने लवकर निवते आणि तापल्यावर तिची जाडी वाढून ती पॅडच्या दिशेनेच सरकते. तथापि ड्रममधील बूट फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन आपोआप अधिक घट्ट बसतो, तसे पॅडचे होत नाही. त्यामुळे डिस्क ब्रेकला पायट्यावर अधिक जोर द्यावा लागतो व जड गाड्यांत साहाय्यकारी योजना बसवावी लागते.

प्रारंभ : इंग्लंडमधील अभियंते फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे एकस्व घेतले. त्यांच्या रचनेत पातळ चकतीवर तांब्याचे अस्तर दाबले जाई. धातूवर धातू घासल्याने कर्कश आवाज होई आणि त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर अस्तर लवकर झिजे. हर्बर्ट फ्रूड यांनी त्यानंतर काही वर्षांतच ॲस्बेस्टसयुक्त अस्तर प्रचारात आणले. पण तोवर स्वस्त व सुटसुटीत ड्रम ब्रेकने जम बसविला होता. १९२१ च्या ड्यूझेनबर्ग गाडीत चारही चाकांना द्रवीय दाबाचे ब्रेक आले, तेही ड्रम जातीचेच होते. डिस्क ब्रेकचा खरा विकास विमानांसाठी झाला. जड विमान अल्प अंतरात थांबविताना निर्माण होणारी उष्णता ड्रमला पेलणे कठीण होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मिळालेला हा अनुभव नंतर मोटारगाड्यांच्या कामी आला.

१९४९ मध्ये अमेरिकेत दोन भिन्न प्रयोग झाले. क्राइस्लर कंपनीने आपल्या क्राउन इंपीरियल या महागड्या गाडीत एका बंदिस्त आवरणात दोन चकत्या बाहेरच्या दिशेने दाबणारी योजना बसविली. क्रॉस्ली या लहान गाडीत विमानाच्या धर्तीचे ब्रेक आले. हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यावर टाकल्या जाणाऱ्या मिठाने क्रॉस्लीचे ब्रेक गंजून अडकू लागले. अल्पावधीतच कंपनीला ते बंद करावे लागले व अनेक मालकांनी आपल्या गाड्यांना ड्रम ब्रेक बसवून घेतले. ओलाव्यापुढे ही रचना दुर्बळ ठरते, हे तेव्हाच दिसून आले होते.

शर्यतींतील यश : ब्रिटनमध्ये डनलॉप व जॅग्वार या कंपन्यांनी संयुक्तपणे प्रयोग केले. १९५२ मध्ये फ्रान्समधील रँस येथील शर्यत स्टर्लिंग मॉस यांनी डिस्क ब्रेक असलेल्या जॅग्वार सी-टाइप गाडीतून जिंकली. १९५३ च्या ल मान्स येथील चोवीस तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन यांची सी-टाइप पहिली आली. ताशी सु. १७० किमी. हा तिचा सरासरी वेग होता आणि ताशी १०० मैलांची सरासरी ओलांडणारा या शर्यतीतील तो पहिला विजय होता. कंपनीच्या इतर दोन गाड्या दुसऱ्या व चौथ्या क्रमांकावर आल्या. लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी या गाड्यांना प्रतिस्पर्ध्यांपेक्षा उशिरा ब्रेक लावणे शक्य होते आणि शर्यतीच्या अखेरच्या तासांतही ब्रेकचा जोर टिकून राहत असे.

सार्वजनिक उपयोग : ऑक्टोबर १९५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात आलेल्या सित्रोएन डीएस या गाडीने मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात डिस्क ब्रेक आणले. १९७५ पर्यंत या मालिकेतील चौदा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. तिच्या पुढील चकत्या चाकात नसून गिअरपेटीलगत आतील बाजूस होत्या. १९५६ मध्ये ट्रायम्फ टीआर ३ च्या पुढील चाकांना गर्लिंग बनावटीचे, तर १९५७ मध्ये जॅग्वार एक्सके १५० च्या चारही चाकांना डनलॉप बनावटीचे डिस्क ब्रेक मिळाले. १९६१ च्या जॅग्वार ई-टाइपमध्ये मागील चकत्या डिफरन्शियलला लागून आहेत. तेथे हवा कमी पोहोचते व हातही सहज जात नाही. या कारणाने त्या गाडीच्या मागील ब्रेककडे दुर्लक्ष होण्याचा संभव अधिक असतो. अमेरिकेत शेव्हरोले कॉर्व्हेटला १९६५ पासून चारही चाकांवर चार दट्ट्यांचे कॅलिपर बसविण्यात आले. १९७६ मध्ये तेथील प्रवासी गाड्यांना लागू झालेल्या ब्रेकविषयक मानकानंतर पुढील चाकांचे डिस्क ब्रेक जवळजवळ सार्वत्रिक झाले.

बिघाडाची कारणे : प्रचलित ब्रेक तेल बहुधा ग्लायकॉलयुक्त असते व ते हवेतील बाष्प शोषून घेते. कोरड्या स्थितीत २०५° से. उत्कलनबिंदू असलेल्या डॉट ३ प्रतीच्या तेलासाठी ओलाव्यानंतरची किमान मर्यादा १४०° से. ठरविलेली आहे. घाटात सतत ब्रेक लावताना असे तेल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात व पायटा पोकळ लागतो. याहून संथ पण अधिक हानिकारक परिणाम म्हणजे गंज होय. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की तेलातील पाणी कॅलिपरच्या तळाशी साचते, बिडाच्या सिलिंडरमध्ये खळगे पडतात आणि दट्ट्यांवरील क्रोमचा मुलामा सुटतो. या खडबडीत पृष्ठावर रबरी सील घासून फाटते व तेल झिरपते. काही वेळा दट्टा जागीच अडकून एका बाजूचा पॅड सतत घासत राहतो आणि ब्रेक लावताना गाडी एकीकडे ओढली जाते. याकरिता गाडी चालो वा न चालो, तेल सु. दोन वर्षांनी बदलावे असा सर्वसाधारण संकेत आहे.

चुकीच्या तेलानेही मोठी हानी होते. सित्रोएन डीएसमध्ये प्रारंभी लाल रंगाचे तेल वापरीत. १९६६ मध्ये त्याऐवजी हिरवे खनिज तेल आले. दोहोंसाठी लागणारे सीलचे रबर भिन्न असल्याने एकीचे तेल दुसरीत घातल्यास सील फुगतात वा विरघळतात व संपूर्ण द्रवीय यंत्रणा निकामी होते.

पुनर्बांधणीची पद्धत : कॅलिपर सुटा करून दाबाच्या साहाय्याने दट्टे बाहेर काढतात. ओतकाम तडकलेले नाही याची खात्री झाल्यावर ते स्वच्छ करून सिलिंडर मोजतात. पुढील काम सील कोठे बसते यावर अवलंबून असते. गर्लिंगसारख्या अनेक रचनांत सील सिलिंडरमधील खाचेत असते व दट्टा त्यातून सरकतो. येथे खाच शाबूत असल्यास ती साफ करून अगंज पोलादाचा (स्टेनलेस स्टीलचा) नवा दट्टा व नवे सील घालणे बहुधा पुरेसे होते. चौकोनी छेदाचे हे सील दाबाखाली किंचित पिळले जाते आणि दाब सुटताच पूर्ववत होऊन दट्ट्यास मागे घेते. पॅड व चकती यांतील सूक्ष्म अंतर त्यामुळेच राखले जाते. जुन्या डनलॉप कॅलिपरमध्ये हेच काम दट्ट्यातील एक स्वतंत्र खेच-पिन करते. ती झिजलेली असल्यास नवे सील घालूनही ब्रेक अडकून राहतो.

कॉर्व्हेटच्या कॅलिपरमध्ये सील दट्ट्यावर असून ते सिलिंडरच्या भिंतीवर घासते. म्हणून भिंतीवरील लहानसा खळगाही गळतीस पुरेसा होतो. यावर उपाय म्हणून सिलिंडर यंत्रावर मोठा करून त्यात अगंज पोलादाची नळी घट्ट बसवितात व ती घासून मूळ व्यासावर आणतात. बाहेरील ओतीव अंग मूळचेच राहते व गंजणारा पृष्ठभाग मात्र नाहीसा होतो. हा उपाय पुढे इतर गाड्यांनाही लागू करण्यात आला. काही कारागीर पोलादाऐवजी ब्राँझची नळी वापरतात. नळीच्या मागून तेल झिरपू नये म्हणून हे काम अत्यंत काटेकोर व्हावे लागते.

कॅलिपर सुधारला तरी चकती सदोष असल्यास उपयोग होत नाही. कॉर्व्हेटच्या मूळ चकत्या हबला रिव्हेटने जोडून एकत्रच कातलेल्या असत. रिव्हेट काढून नवी चकती बसविली व तिचा डोल डायल गेजने तपासला नाही, तर डुलणारी चकती दट्ट्यांना प्रत्येक फेऱ्यात मागेपुढे ढकलते आणि सीलच्या ओठावरून हवा आत शिरते. अशा गाडीतील हवा कितीदा काढली तरी पायटा पुन्हा मऊ होतो. चकतीवर नोंदलेल्या किमान जाडीपेक्षा ती अधिक कातणेही धोक्याचे असते. जोडणीनंतर प्रत्येक कॅलिपर दाबाखाली ठेवून गळती तपासतात. हवा काढण्याचा स्क्रू वरच्या बाजूस यावा म्हणून डावा व उजवा कॅलिपर यांची अदलाबदल करता येत नाही.

व्यापार : या व्यवसायाचा कच्चा माल म्हणजे जुना कॅलिपरच होय. म्हणून विक्री बहुधा अदलाबदलीच्या तत्त्वावर चालते. ग्राहकाला तयार कॅलिपर दिला जातो व किंमतीबरोबर अनामत रक्कम घेतली जाते. जुना भाग परत आल्यावर ती मिळते. परत आलेले ओतकाम तडकलेले असेल, तर बाजारातील त्या प्रकारचा साठा एकाने कमी होतो. जॅग्वार वा कॉर्व्हेटसारख्या लोकप्रिय गाड्यांसाठी नव्याने ओतलेल्या प्रतिकृतीही मिळतात. दुर्मिळ गाडीच्या मालकास मात्र स्वतःचेच भाग दुरुस्तीस पाठवून वाट पाहावी लागते. ओतकामावरील क्रमांक व दिनांक गाडीच्या अस्सलपणाचा पुरावा मानले जातात. म्हणून काही मालक अदलाबदल नाकारून आपलाच भाग परत मागतात.

‘पुनर्बांधणी केलेला’ या शब्दप्रयोगाचा अर्थ सर्वत्र सारखा नसतो. केवळ घासून, रंगवून व नवे रबर घालून विकलेला कॅलिपर बाहेरून नळी बसविलेल्या कॅलिपरसारखाच दिसतो. फरक आत असतो आणि तो गाडी न थांबल्यावरच कळण्याचा धोका असतो. यास्तव दट्टे कशाचे आहेत, सिलिंडरवर कोणते काम झाले व दाबाची चाचणी झाली का, याची लेखी नोंद घेणे इष्ट असते. एकाच आसावरील दोन्ही कॅलिपर एकाच वेळी बदलावे लागतात.

अस्सलपणा व सुरक्षितता : ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने (फिव्हाने) २०१२ मध्ये स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेत जुन्या वाहनांचे मूळ द्रव्य शक्य तितके जपण्यावर भर दिलेला असून त्यांच्या वापरासही महत्त्व दिले आहे. ब्रेकच्या बाबतीत या दोन उद्दिष्टांत विरोध येतो. रंग वा आसने जीर्ण स्थितीत जपता येतात. जीर्ण ब्रेक घेऊन गाडी रस्त्यावर आणता येत नाही, कारण तेथे इतरांचेही प्राण गुंतलेले असतात. मूळ ओतकाम ठेवून अंतर्भाग नवा करणे हा या विरोधावर सापडलेला व्यवहार्य मार्ग होय. मात्र पॅडच्या बाबतीत मूळ द्रव्याचा आग्रह धरता येत नाही. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टस असे व त्याच्या धुळीने फुप्फुसांचे असाध्य रोग होतात. ब्रिटनमध्ये १९९९ मध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टसवर बंदी आली. जुन्या कॅलिपरमधील धूळ हवेच्या झोताने उडविण्याची गॅरेजमधील सवय या कारणास्तव घातक आहे. ती ओली करून पुसून काढावी लागते.

भारतातील स्थिती : ॲम्बॅसडर व मुंबईतील कुर्ला येथे तयार होणारी प्रीमियर पद्मिनी या एकेकाळच्या प्रमुख गाड्यांना त्यांच्या भरभराटीच्या काळात चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. परिणामी भारतातील संग्राहकांकडे जुने डिस्क ब्रेक आढळतात ते मुख्यतः आयात गाड्यांत. त्यांचे सुटे भाग बहुधा परदेशातूनच मागवावे लागतात. केंद्र शासनाने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेल्या व मूळ स्वरूपात असलेल्या गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी होते. त्या प्रदर्शन, फेरी, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येतात; नेहमीच्या वापरास परवानगी नाही. अशा गाड्या वर्षातील बहुतेक दिवस उभ्याच राहतात. कोकणपट्टीच्या दमट, खाऱ्या हवेत व पावसाळ्याच्या चार महिन्यांत हीच स्थिती त्यांच्या ब्रेकला सर्वांत प्रतिकूल असते. म्हणून फेरीपूर्वी इंजिन सुरू होते की नाही हे पाहण्याआधी दट्टे मोकळे सरकतात की नाही व तेल केव्हा बदलले आहे, हे तपासणे अगत्याचे ठरते.