दायमाबाद : प्रवरेकाठचे चार कांस्यशिल्प आणि एक न सुटलेला वाद

१/ सिंधू संस्कृती म्हटली की मोहेंजोदडो, हडप्पा, धोलावीरा, लोथल ही नावे आठवतात. महाराष्ट्राचे नाव या यादीत सहसा येत नाही. मात्र अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या डाव्या तीरावर, एक ओसाड पांढरीचे टेकाड आहे. त्याचे नाव दायमाबाद. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/ हे स्थळ १९५८ साली बोपर्डीकर यांच्या दृष्टीस पडले. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने येथे तीनदा उत्खनन केले : १९५८-५९ मध्ये म. न. देशपांडे, १९७४-७५ मध्ये एस. आर. राव आणि १९७५ ते १९७९ या काळात एस. ए. साळी यांच्या नेतृत्वाखाली.

३/ या उत्खननांतून एकावर एक असे पाच सांस्कृतिक थर उलगडले : सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे. काळ साधारण इ.स.पू. २२०० ते इ.स.पू. १०००. म्हणजे एकाच टेकाडावर हजार वर्षांहून अधिक काळ माणसे नांदली. शेवटच्या थराला नाव देणारे जोर्वे हे गावही प्रवरेकाठचेच, संगमनेर तालुक्यातले.

४/ दुसऱ्या थराला ‘उत्तर हडप्पा’ का म्हणतात? तेथे बटणाच्या आकाराच्या दोन मृण्मय मुद्रा मिळाल्या, ज्यांवर सिंधू लिपीची चिन्हे आहेत. चिन्हांकित खापरेही मिळाली. कच्च्या विटांनी बांधलेली एक कबर आढळली आणि तिच्या विटांचे प्रमाण होते ४:२:१, म्हणजे हडप्पा नगरांतले परिचित प्रमाण. म्हणूनच दायमाबादचा उल्लेख या संस्कृतीचे दक्षिणेकडील टोक असा केला जातो.

५/ आता त्या प्रसिद्ध वस्तूंकडे वळू. १९७४ साली एका स्थानिक शेतकऱ्याला झाडाची मुळे खणताना चार कांस्यशिल्पे मिळाली : हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैलांचा रथ. रथ सुमारे ४५ सें.मी. लांबीचा असून त्यात सारथी उभा आहे. चारही शिल्पे भरीव. एकत्रित वजन ६० किलोंहून अधिक.

६/ समाजमाध्यमांवर या रथाचे छायाचित्र ‘सिंधू संस्कृतीचा रथ’ या एका ओळीसह फिरते. वाद नेमका येथेच आहे. देशपांडे, राव, साळी आणि म. के. ढवळीकर यांनी ही शिल्पे उत्तर हडप्पा काळातील मानली. डी. पी. अग्रवाल यांनी धातूच्या पृथक्करणावर बोट ठेवले : यांत आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक आहे, आणि असे मिश्रण येथील इतर ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत दिसत नाही. त्यामुळे ही शिल्पे ऐतिहासिक काळातीलही असू शकतील, असे त्यांचे मत.

७/ वाद मिटत का नाही? ही शिल्पे कोणत्या थरातून निघाली याची नोंद नाही. पुरातत्त्वात वस्तूचे वय ठरते ते तिच्या शेजारची माती, खापरे, कोळसा यांवरून. ६० किलो कांस्यापेक्षा बटणाएवढी मुद्रा येथे अधिक भक्कम साक्षीदार ठरते. कारण ती थरात, नोंदीसह मिळाली.

८/ इ.स.पू. १००० च्या सुमारास दायमाबाद ओस पडले. घोडनदीकाठचे इनामगाव मात्र इ.स.पू. ७०० पर्यंत तग धरून होते. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८२ या काळात केलेल्या तेथील उत्खननात बांध आणि कालवा सापडला. उत्तरकाळात चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. पर्जन्यमान घटल्याने हे दारिद्र्य ओढवले, असे ढवळीकरांचे प्रतिपादन.

९/ दायमाबादच्या या ठेव्यातील शिल्पे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. कामोठ्याच्या वाचकांनी मानसरोवर स्थानकावरून हार्बरची गाडी पकडावी, सीएसएमटीला उतरावे आणि ती पाहून यावीत. पाहताना स्वतःला विचारावे : हे किती जुने आहे, आणि ते आपल्याला कशावरून कळते?

१०/ शेवटी एक विनंती. आपल्या नोडमध्ये आणि आसपासच्या गावांत रोज कुठे ना कुठे जेसीबी जमीन उकरत असतो. खापर, नाणे, कोरीव दगड असे काही दिसले तर ते उचलून घरी नेऊ नका. जागेवरच छायाचित्र घ्या, ठिकाण व खोली टिपून ठेवा आणि तहसील कार्यालयाला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या मौल्यवान ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारकच आहे. वस्तू जागेवरून हलली की तिचा निम्मा इतिहास मातीतच राहतो. दायमाबादचा रथ पन्नास वर्षे हेच सांगतो आहे.

(समाप्त)